चाळीस दिवसांचा उपास आणि एक मूठ ज्वारी

हातातलं काम थांबवू नका, काम करता करता ऐका. ज्वारीच्या काढणीचे दिवस आहेत, कुणाला विड्या वळून द्यायच्या आहेत, कुणाच्या चुलीवर तवा तापलाय. आम्हीही तुमच्यासारखंच सगळं आवरून इथं बोलायला बसलो आहोत.

आजचा विषय आहे उपास. आपल्या गटांत कधीच उपास न केलेली बाई शोधून सापडायची नाही. कुणी सोमवार धरते, कुणी एकादशी, कुणी संकष्टी. कुणी महिनाभर रोजे ठेवते, कुणी पौर्णिमेला विहारात जाऊन उपोसथ पाळते. २०२६ च्या फेब्रुवारीत तर गंमतच झाली. १५ तारखेला महाशिवरात्र झाली, १८ तारखेला ख्रिस्ती बहिणींचा राखेचा बुधवार आला आणि त्याच आठवड्यात रमजानही सुरू झाला. बैठकीला चहा ठेवायचा तरी कुणासाठी, असा प्रश्न एका गटाच्या अध्यक्षबाईंना पडला!

यातला एकादशीचा उपास सगळ्यांना ठाऊक असतो. रोजेही ओळखीचे झालेत. पण ख्रिस्ती बहिणी उपास करतात, तोही चाळीस दिवसांचा, हे शेजारणीलासुद्धा पुष्कळदा माहीत नसतं. नाताळचा केक आपल्या घरी येतो. हा उपास मात्र कुणाच्या घरी जात नाही, तो गुपचूप पाळायचा असतो. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलू. त्यातून आपल्या सगळ्यांच्याच उपासाबद्दल एक प्रश्न निघतो, तोही शेवटी विचारू.

तर आधी त्याचं नाव. कुणी त्याला लेंट म्हणतं, कुणी उपवासकाळ, कुणी प्रायश्चित्तकाळ. येशूनं आपलं काम सुरू करण्याआधी रानात जाऊन चाळीस दिवस उपास केला, असं बायबलात आहे. त्याची आठवण म्हणून हे चाळीस दिवस. राखेच्या बुधवारी सुरुवात होते आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी शेवट होतो. २०२६ साली १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल. बोटावर मोजाल तर ४६ दिवस भरतील. मग चाळीस कसे? मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत. रविवार हा येशू उठला तो आनंदाचा दिवस, त्यामुळे त्या दिवशी उपास नाही.

ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते, हेही बायका विचारतात. ती चंद्रावर ठरते. २१ मार्च किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. २०२४ साली होळीच्या पौर्णिमेनंतर ३१ मार्चला ईस्टर आला. २०२६ साली हनुमान जयंतीची पौर्णिमा २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. म्हणजे आपली पंचांग बघायची सवय इथंही उपयोगी पडते.

राखेच्या बुधवारी होतं काय, तेही सांगतो. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या घेऊन मिरवणूक निघते. त्याला झावळ्यांचा रविवार म्हणतात. त्या झावळ्या वर्षभर ठेवतात, सुकल्या की जाळतात आणि त्यांची राख पुढच्या वर्षी कपाळाला लावतात. माणूस मातीचा आहे आणि मातीतच जाणार आहे, याची ती खूण. जी झावळी जयजयकारात हलवली, तिचीच राख कपाळावर येते. गर्वाचं काय होतं हे यापेक्षा सोपं कसं सांगणार? ही राखेची चाल कॅथलिक मंडळींत सगळीकडे आहे. प्रॉटेस्टंट मंडळींत काही ठिकाणी राख लावतात, काही ठिकाणी नुसती उपासना होते.

या दिवसांत चर्चमधलं कापड जांभळं असतं. ते पश्चात्तापाचा रंग समजतात. पुष्कळ ठिकाणी वेदीवर फुलं ठेवत नाहीत. घरात लग्नकार्य काढत नाहीत. सोलापूरच्या लगीनसराईत शेजारी मांडव पडलेले असतात आणि आपल्या ख्रिस्ती बहिणीच्या घरची सोयरीक ईस्टरनंतर ठरते, त्याचं कारण हे. स्वयंपाकघरात मटण-मच्छी थांबते. पिठलं, आमटी, भाकरी, शेंगाची चटणी एवढ्यावर भागतं. आपल्या उपासाला साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी असे ठरलेले पदार्थ असतात, तसे इथं नसतात. इथं साधं खायचं आणि कमी खायचं. केरळातले सुरियानी ख्रिस्ती तर पन्नास दिवस मांस, मासे, अंडी आणि दूधसुद्धा सोडतात.

संध्याकाळी घराघरांत प्रार्थना होते. आज या घरी, उद्या त्या घरी. पेटी, तबला, टाळ असतात. मराठी ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनेत टाळ आणि अभंग आले ते मोठ्या प्रमाणात नारायण वामन टिळकांमुळे. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण मराठी भजन-कीर्तनाची वाट त्यांनी सोडली नाही. त्यांची कितीतरी गाणी ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून आजही म्हटली जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर आपल्यापैकी काही जणींनी शाळेच्या पुस्तकात धड्यापुरती वाचलीच असतील.

आता उपासाच्या आतल्या गोष्टीकडे येऊ. या चाळीस दिवसांत तीन कामं करायची असतात. प्रार्थना, उपास आणि दान. तिन्ही एकत्र. फक्त उपास केला आणि दान केलं नाही, तर काम अर्धंच राहतं. बायबलात यशया नावाच्या संदेष्ट्याचं पुस्तक आहे. त्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव लोकांना खडसावतो. त्याचा अर्थ आमच्या शब्दांत असा : तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता, भांडता, हाणामारी करता. असला उपास मला नको. अडकलेल्याला सोडवा, भुकेल्याला आपल्या भाकरीतली द्या, उघड्याला कपडा द्या, तो माझा उपास. आणि येशू सांगतो की उपास करताना तोंड पाडून बसू नका. तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, उपास आहे हे चारचौघांना कळूसुद्धा देऊ नका.

डोक्याला तेल लावा, हे आम्हाला फार आवडलं. उपासाच्या दिवशी घरातली बाई सगळ्यांना सांगत फिरते, असं पुरुष चेष्टेनं म्हणतात. पण खरं बघितलं तर बाईचा अर्धा उपास कुणाला दिसतच नाही. तिचा उपास कॅलेंडरात नसतो. सगळ्यांचं जेवण झालं, पातेल्यात आमटी उरली नाही, ती मिरचीच्या ठेच्याशी भाकरी खाऊन उठली, याला कुणी उपास म्हणत नाही.

इथंच आम्हाला थांबून बोलायचं आहे.

उपास वेगळा आणि उपासमार वेगळी. पोटात भूक दोन्हीकडे असते. पण उपासात भांड्यात अन्न असतं आणि आपण आपल्या मनानं ते बाजूला ठेवतो. उपासमारीत भांडंच रिकामं असतं. आपल्या सोलापूर भागाला हा फरक शिकवावा लागत नाही. बहात्तरचा दुष्काळ बघितलेल्या आज्या अजून आहेत. खडी फोडून हात सोललेले, रांगेत उभं राहून घेतलेली सुकडी, परदेशातून आलेला तो मिलो. त्यांना विचारा भूक काय असते.

पंडिता रमाबाईंनाही हा फरक अंगावर कळला होता. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करत फिरल्या. घरात व्रतं होती, उपास होते, पुराणं सांगून मिळेल त्यावर गुजराण होती. मग १८७४ च्या सुमारास दुष्काळ आला. पानं खाऊन, रानखजूर खाऊन त्यांनी दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. पुढं त्या शिकल्या, १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या आणि १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मरायला टेकलेल्या शेकडो मुलींना केडगावला घेऊन आल्या. पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर दौंडच्या अलीकडे जे केडगाव लागतं, तेच हे. तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. मुली शेती शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाईंनी साध्या मराठीत केलेलं बायबल तिथल्याच बायांच्या हातांनी छापलं गेलं. ते पूर्ण पुस्तक १९२४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी बाहेर आलं.

रमाबाईंनी आपली भूक आठवून दुसऱ्याच्या मुलींना जेवू घातलं. चाळीस दिवसांच्या उपासाचा अर्थ एका बाईच्या आयुष्यात बघायचा असेल तर तो असा दिसतो.

आता आमच्या गटातली गोष्ट. गेल्या वर्षी याच दिवसांत आमची एक ख्रिस्ती बहीण ज्वारी काढायला गेली होती. राखेच्या बुधवारापासून तिनं सकाळचं आणि दुपारचं जेवण बंद केलं होतं, नुसतं पाणी. शेतमजुरी, ऊन आणि पोट रिकामं. दुसऱ्या आठवड्यात दुपारी ती बांधावर चक्कर येऊन पडली. उपकेंद्रात नेलं, रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन आठ निघालं. ती रडत होती. चक्कर आली म्हणून नाही, उपास मोडला म्हणून. आपल्या हातून पाप झालं असं तिला वाटत होतं.

तिच्या मंडळीचे पाळक संध्याकाळी घरी आले. त्यांनी प्रार्थना केली आणि तिला सांगितलं, ‘बाई, देवानं तुमच्याकडं जीव मागितला नाही, मन मागितलंय. आधी जेवा.’ मग त्यांच्यासमोरच तिला दूध-भाकरी खायला लावली.

पाळकांनी हे मनानं सांगितलं नव्हतं, चर्चचे नियमही असेच आहेत. कॅथलिक चर्चमध्ये सक्तीचा उपास चाळीस दिवसांत फक्त दोन दिवस आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशीही एक वेळ पोटभर आणि दोन वेळा थोडं खाता येतं. हा नियम १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंतच्या माणसांना आहे. आजाऱ्याला, गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला सूट आहे. बाकीच्या दिवशी काय सोडायचं हे ज्यानं त्यानं आपल्या तब्येतीप्रमाणं ठरवायचं. प्रॉटेस्टंट मंडळींत तर सक्ती जवळपास नाहीच. रोज्यांतही आजारी, गरोदर आणि प्रवासात असलेल्या माणसाला सवलत आहे. धर्म सवलत देतो आणि बाई ती घेत नाही, असं का होतं, यावर आपण एकदा बसून बोललं पाहिजे.

कारण आकडा साधा नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दहा जणींचा गट बसला असेल तर त्यात पाच-सहा जणी अशा असणार. त्यांनी पोटाचा उपास करून काय मिळवायचं? त्यांच्यासाठी या चाळीस दिवसांचं व्रत उलटं असावं असं आम्हाला वाटतं. रोज गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, लोहाच्या गोळ्या आणि सगळ्यांबरोबर ताटावर बसणं. चाळीस दिवस मी सगळ्यात शेवटी जेवणार नाही, एवढा नेम एका बाईनं करून बघावा. तो एकादशीपेक्षा अवघड जाईल.

मग सोडायचं काय? ख्रिस्ती घरांतून आम्ही जे बघितलं ते सांगतो. एकीनं चाळीस दिवस मालिका सोडल्या. दोन मालिकांचा एक तास रोज मोकळा झाला, त्यात ती सासूजवळ बसायला लागली. एका तरुण सुनेनं मोबाईल रात्री आठनंतर बंद ठेवला. एका मावशीनं ठरवलं की चाळीस दिवस कुणाच्या पाठीमागं कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशीच ती हसत म्हणाली, ‘अगं, अन्न सोडलेलं परवडलं असतं!’ काही घरांत पुरुष या दिवसांत दारू सोडतात. रोजचे शंभर रुपये धरले तर चाळीस दिवसांचे चार हजार होतात. घरातली बाई ते पैसे डोळ्यांनी बघते. आमचं म्हणणं एवढंच, की ते चार हजार ईस्टरच्या दिवशी दाखवून द्या आणि म्हणा, आता एक्केचाळिसावा दिवसही सोसेल.

सोडून जे वाचलं ते द्यायचं, हा दुसरा भाग. भारतातल्या कॅथलिक चर्चची कारितास इंडिया ही संस्था दरवर्षी या काळात भूक आणि रोगाविरुद्धची मोहीम चालवते. घराघरांतून उपासात वाचलेले पैसे त्यात जमा होतात. पण आम्हाला सगळ्यात जवळची वाटली ती मिझोरामच्या बायांची गोष्ट. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या बाया १९१० सालापासून एक काम करतात. दोन्ही वेळचा भात टाकताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढून ठेवायचा. त्याला त्यांच्या भाषेत बुहफाई थाम म्हणतात. ते तांदूळ गोळा करून विकतात आणि चर्चची कामं चालवतात. शंभर वर्षांहून जास्त झाली, बाया बदलल्या, घरात गॅस आला, पण ती मूठ चालू आहे.

बचत म्हणजे काय हे आपल्याला बँकेच्या साहेबांनी शिकवलं असं आपण समजतो. खरं तर डब्यात एक मूठ वेगळी काढणारी बाई बँकेच्या आधीपासून आहे. आपल्याकडंही पिठाच्या डब्यात पैसे लपवणाऱ्या आज्या होत्याच की.

गेल्या वर्षी चक्कर आलेल्या त्या बहिणीनंच हा विषय गटात काढला. ती म्हणाली, मला उपाशी राहता येत नाही तर मी मूठ काढते. बारा जणींच्या गटात ख्रिस्ती तिघी, पण आठ जणींनी हात वर केला. भाकरी करताना एक मूठ ज्वारी किंवा पीठ, सकाळी एक, संध्याकाळी एक. मूठ पन्नास ग्रॅमची धरली तर एका घरातून चाळीस दिवसांत चार किलो. आठ घरांचे बत्तीस किलो. ते धान्य गावातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला आणि नवरा गेल्यावर रेशन कार्डाच्या नावात अडकलेल्या एका बाईला दिलं. पुढं गटानं तिच्याबरोबर तहसीलला जाऊन कार्डाचं कामही केलं. धान्य महिनाभर पुरलं, कार्ड मात्र कायमचं झालं. अडकलेल्याला सोडवा, असं यशया म्हणतो, ते आम्हाला तहसीलच्या दारात कळलं.

आता पश्चात्ताप. हा शब्द ऐकला की आपल्याला रडणं आठवतं. पण बायबलात जक्कय नावाच्या माणसाची गोष्ट आहे, ती ऐका. यरीहो गावचा हा जकात वसूल करणाऱ्यांचा मुख्य. बुटका, श्रीमंत आणि लोकांच्या मनातून उतरलेला. येशूला बघायला तो उंबराच्या झाडावर चढला. येशूनं त्याला खाली बोलावलं आणि मी तुझ्याकडंच उतरणार असं सांगितलं. त्यावर जक्कयनं काय केलं? तो रडत बसला नाही, त्यानं हिशोब मांडला. अर्धी मिळकत गरिबांना, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत.

मैत्रिणींनो, पश्चात्ताप हिशोबाच्या वहीत दिसला पाहिजे, हे बचत गटाइतकं कुणाला कळणार? आमच्या एका गटातली गोष्ट, जिची तिच्या परवानगीनं आणि नाव न घेता सांगतो. ही ख्रिस्ती बाई गटाबाहेर स्वतःचे पैसेही व्याजानं द्यायची. तिनं दुसऱ्या एका सभासद बाईला पाच हजार दिले होते, शेकडा पाच रुपये महिन्यानं. महिन्याचं व्याज अडीचशे. दोन वर्षांत सहा हजार व्याज गेलं आणि मुद्दल पाच हजार तशीच उभी. गेल्या वर्षी गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यात ती सचिवाकडं आली आणि म्हणाली, आपल्या गटाच्या दरानं किती झालं असतं ते काढून द्या. गटाचा दर शेकडा दोन. महिन्याचे शंभर, दोन वर्षांचे चोवीसशे. म्हणजे छत्तीसशे रुपये जास्त घेतले होते. तिनं ते मुद्दलीत वळते केले. राहिले चौदाशे. तेही तीन हप्त्यांत द्या म्हणाली. कर्ज घेतलेली बाई दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग तिनं विचारलं, ‘अक्का, खरंच?’

चौपट नाही दिले तिनं. पण दोन घरांतलं बोलणं पुन्हा सुरू झालं.

इथं एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायची आहे. पश्चात्ताप ज्यानं चूक केली त्यानं करायचा असतो. आपल्या बायांना दुसऱ्याचा पश्चात्तापही आपल्याच डोक्यावर घ्यायची सवय असते. नवऱ्यानं मारलं, तर माझंच काहीतरी चुकलं असेल. मूल नापास झालं, तर माझंच लक्ष नव्हतं. क्षमा करा असं या दिवसांत सांगतात, ते बरोबर आहे. पण क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. मनातला राग सोडता येतो आणि त्याच वेळी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोनही करता येतो. दोन्ही एकाच बाईला करता येतं. कुणी धर्माचं नाव घेऊन तुम्हाला गप्प बसवत असेल तर गटात बोला.

तिसरं काम प्रार्थना, म्हणजे शांत बसून आपल्याकडं बघणं. बाईला त्यासाठी वेळ मिळतो कुठं? तरी बायांनी तो एकत्र मिळवलाय. मार्चचा पहिला शुक्रवार हा जगभर ख्रिस्ती बायांचा प्रार्थना दिन असतो. १९२७ सालापासून तो जगभर पाळतात. दरवर्षी एका देशाच्या बाया त्या दिवसाची उपासना लिहून देतात आणि तीच उपासना सगळ्या देशांत म्हणतात. २०२५ साली कुक आयलंड्सच्या बायांनी लिहिली होती, २०२६ साली नायजेरियाच्या बायांची पाळी. त्या दिवशी दुसऱ्या देशातल्या बायांची सुखदुःखं सोलापुरातल्या बाया मराठीत प्रार्थनेतून म्हणतात. शेजारणीनं बोलावलं तर जा, बसा, ऐका. दुसऱ्या देशातल्या बाईच्या घरातही पाणी, पोरं आणि पैसा हेच असतं हे कळतं.

शेवटचा आठवडा सगळ्यात जड असतो. २०२६ साली २९ मार्चला झावळ्यांचा रविवार. गुरुवारी शेवटच्या भोजनाची आठवण. त्या रात्री येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले. पाय धुण्याचं काम तेव्हा घरातल्या नोकरांचं होतं, ते गुरूनं केलं. ३ एप्रिलला गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन उपासना चालते. येशूनं क्रूसावर काढलेल्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात. आणि रविवारी पहाटे, उजाडायच्या आधी, लोक कबरस्तानात किंवा चर्चच्या आवारात जमतात.

त्या पहाटेची गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. शिष्य घाबरून पांगले होते, तेव्हा क्रूसाजवळ बाया उभ्या होत्या. आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे कबरीकडं गेल्या त्याही बायाच, मरिया मग्दालीया आणि तिच्या सोबतिणी. शुभवर्तमानं चार आहेत आणि चारही हेच सांगतात. कबर रिकामी आहे हे आधी बायांनी बघितलं. त्यांनी जाऊन पुरुषांना सांगितलं, तर लूकच्या पुस्तकात आहे की पुरुषांना ती नुसती बडबड वाटली. ग्रामसभेत बोलायला उभ्या राहिलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणींना हा अनुभव ओळखीचा असेल. तरी त्या बोलल्या म्हणून ती बातमी आजवर पोचली.

आता सुरुवातीला म्हटलेला तो प्रश्न. तुमचा उपास कोणताही असो, सोमवारचा, एकादशीचा, रोज्यांचा किंवा या चाळीस दिवसांचा. त्या दिवशी तुमच्या घरात जे अन्न वाचलं, जो पैसा वाचला, जो वेळ वाचला, तो कुठं गेला? कुणाच्या ताटात गेला? आपण उपाशी राहिलो आणि कुणाचंच पोट भरलं नाही, तर मग तो उपास कुणाच्या कामी आला?

पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. एक, प्रत्येकीनं रक्त तपासून घ्यायची तारीख ठरवा, आशाताईंना बोलवा. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बहिणीला गटानंच सांगायचं, तुझा पोटाचा उपास माफ. दोन, जिला जमेल तिनं मूठ काढायचा डबा ठेवायचा, ईस्टर, ईद किंवा हनुमान जयंती, जो सण मानता त्या दिवशी तो उघडायचा आणि कुणाला द्यायचं ते आधीच ठरवायचं. देताना फोटो काढायचा नाही. तीन, आपापसातलं एखादं जुनं देणं-घेणं किंवा अबोला असेल, तर तो वहीसकट समोर आणून मिटवायचा. आणि बैठकीत कुणाचा उपास चालू आहे हे लक्षात ठेवून चहाची वेळ ठरवायची. तेवढी शेजारधर्माची गोष्ट आपल्याला नक्की जमेल.

चाळीस दिवसांनी तुमच्या डब्यात किती जमलं आणि ते कुठं पोचलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या भाषणात तुमच्या गावाची गोष्ट सांगू. उपास असलेल्या बहिणींना बळ मिळो. ज्यांचं जेवण राहिलंय त्यांनी आधी जेवून घ्या.